आवृत्ती, खर्च आणि खेळाची मालकी : भूमिकाखेळाच्या छंदाचा पुण्याच्या संदर्भात चिकित्सक विचार

प्रस्तावना

टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि मुख्यतः बोलून खेळल्या जाणाऱ्या कथात्म खेळांना इंग्रजीत टेबलटॉप रोलप्लेइंग असे नाव आहे. प्रस्तुत निबंधात त्यांच्यासाठी 'भूमिकाखेळ' ही संज्ञा वापरली आहे. या प्रकारातील सर्वांत जुना व सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' होय. पुण्यासारख्या शहरात, जेथे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण मोठ्या संख्येने आहेत, तेथे हा छंद आता अपरिचित राहिलेला नाही. मात्र छंदाची चर्चा बहुधा मनोरंजन अथवा वेळेचा अपव्यय या दोनच टोकांवरून होते. त्यावर होणारा खर्च नेमका कशाचे मोल आहे, हा प्रश्न मागेच राहतो.

या खेळाचे नियमग्रंथ ठरावीक वर्षांनी नव्या आवृत्तीत निघतात. जुनी आवृत्ती फाटलेली नसते, तिचे नियम चुकीचे ठरलेले नसतात, तिच्यावर खेळ थांबलेला नसतो. तरीही खेळणारा नवी आवृत्ती विकत घेतो. हा खर्च खेळण्यासाठी होत नसून 'प्रमाण' आवृत्तीच्या बरोबर राहण्यासाठी होतो, आणि असे प्रमाणत्व नियमांना विक्रीची वस्तू न बनवताही निर्माण करता येते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्याला आधार म्हणून पुण्यातीलच खेळांच्या नियमबद्धतेचा इतिहास येथे विचारात घेतला आहे.

भूमिकाखेळाचे स्वरूप

भूमिकाखेळात चार-पाच जणांचा गट असतो. त्यांतील एक जण कथेचा चालक असतो. उर्वरित प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. चालक प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतो, आणि कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय केला जातो. पट, सोंगट्या किंवा छोट्या प्रतिमा असल्या तर सोय होते, नसल्या तरी खेळ अडत नाही. कागद, पेन्सिल आणि फासे एवढे साहित्य पुरेसे असते.

मराठी वाचकाला हे स्वरूप परके वाटण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, पात्रे वाटून दिली जातात, आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. दशावतारात फासे नाहीत आणि भूमिकाखेळात प्रेक्षक नाहीत, हा भेद महत्त्वाचा आहेच. तथापि आराखडा आधी आणि शब्द प्रत्यक्ष प्रसंगी, हे तत्त्व दोहोंत समान आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भूमिकाखेळाचा गाभा नियमग्रंथात नसून गटाच्या परस्परसंवादात आहे. नियमग्रंथ हा त्याचा आधार आहे. हा भेद ध्यानात ठेवल्याशिवाय खर्चाची चिकित्सा करता येणार नाही.

आवृत्त्यांचे मूल्यमापन

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला मूळ खेळ तीन लहान पुस्तिकांच्या संचात निघाला. त्याची किंमत १० डॉलर होती. १९७७ ते १९७९ या काळात त्याचे विस्तारित रूप तीन स्वतंत्र ग्रंथांत आले : खेळाडूंसाठी एक, चालकासाठी एक आणि राक्षस व प्राण्यांच्या वर्णनाचा एक. हीच त्रिग्रंथी पुढील मोठ्या आवृत्त्यांचा पाया ठरली. दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये, तिसरी २००० मध्ये, तिची सुधारित आवृत्ती २००३ मध्ये, चौथी २००८ मध्ये आणि पाचवी २०१४ मध्ये निघाली. पाचवीचे सुधारित ग्रंथ सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात प्रसिद्ध झाले. दरम्यान मूळ प्रकाशनसंस्था १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली आणि १९९९ मध्ये ती कंपनी खेळणी बनवणाऱ्या हॅसब्रो या मोठ्या उद्योगाच्या मालकीची झाली.

प्रत्येक आवृत्तीचे मोल सारखे नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने खेळाची खरी सोय केली. त्यापूर्वी काही ठिकाणी मोठी संख्या चांगली तर चिलखताच्या बाबतीत लहान संख्या चांगली, अशी गुंतागुंत होती. तिसऱ्या आवृत्तीने वीस पैलूंचा फासा टाकावा, त्यात गुण मिळवावेत आणि ठरलेली संख्या गाठावी, असे एकच सूत्र सर्वत्र लावले. २०१४ च्या आवृत्तीचेही असेच म्हणता येईल. अनुकूल परिस्थितीत दोन फासे टाकून मोठी संख्या घ्यावी आणि प्रतिकूल परिस्थितीत लहान घ्यावी, या साध्या नियमाने लहानसहान बेरजा-वजाबाक्यांचे ओझे बरेच कमी केले.

याउलट २००३ च्या सुधारित आवृत्तीत मुख्यतः दुरुस्त्या होत्या. मात्र त्या दुरुस्त्यांसाठी अवघ्या तीन वर्षांत तिन्ही ग्रंथ पुन्हा विकत घ्यावे लागले. चौथ्या आवृत्तीने खेळाची रचनाच बदलली आणि चौकटी आखलेल्या पटावर अधिक भर दिला. अनेक खेळाडूंना ती रुचली नाही. २००९ मध्ये पैझो या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने आधीच्याच नियमांवर आधारलेला 'पाथफाइंडर' प्रसिद्ध केला आणि त्याला मोठा वाचकवर्ग लाभला. जुनी आवृत्ती कालबाह्य ठरते ती प्रकाशकाच्या सूचीत. खेळणाऱ्यांच्या व्यवहारात ती जिवंत राहू शकते, याचा हा पुरावा होय.

२०२४ च्या ग्रंथांबाबत प्रकाशकाने 'नवी आवृत्ती' हा शब्द कटाक्षाने टाळला आणि २०१४ च्या साहसकथा या नियमांनी खेळता येतील असे सांगितले. शस्त्रांचे विशेष कौशल्य, पात्राच्या पूर्वायुष्यावरून ठरणारे गुण, 'वंश' या शब्दाऐवजी 'प्रजाती' असा बदल, अशा काही सुधारणा त्यांत आहेत आणि त्यांतील काही स्वागतार्हही आहेत. तथापि जुन्या साहित्याशी सुसंगती आहे असा दावा असेल, तर जुने ग्रंथ असणाऱ्याने नवे का घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या गरजेत शोधता येत नाही.

रुपयातील हिशेब

तीन मूलभूत ग्रंथांच्या डॉलरमधील छापील किमतींचे त्या त्या काळच्या विनिमय दराने रुपयांत रूपांतर केले, तर पुढील चित्र दिसते. २००० मध्ये प्रत्येक ग्रंथाची प्रारंभीची किंमत १९.९५ डॉलर होती, म्हणजे तीन ग्रंथांचे सुमारे २,७०० रुपये. २००३ मध्ये २९.९५ डॉलरप्रमाणे सुमारे ४,१०० रुपये. २००८ मध्ये ३४.९५ डॉलरप्रमाणे सुमारे ४,५०० रुपये. २०१४ मध्ये ४९.९५ डॉलरप्रमाणे सुमारे ९,१०० रुपये. २०२४ मध्ये ४९.९९ डॉलरप्रमाणे सुमारे १२,६०० रुपये. प्रत्यक्ष बाजारात सवलतीमुळे किंमत कमी आणि वाहतूकखर्चामुळे अधिक होऊ शकते. शिवाय २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात केलेल्या छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसवण्यात आले. म्हणून हे आकडे दिशादर्शक समजावेत.

या आकड्यांतील शेवटचे दोन विशेष लक्षणीय आहेत. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत डॉलरमधील किंमत जवळजवळ स्थिर राहिली. अमेरिकी ग्राहकाच्या दृष्टीने, महागाई लक्षात घेता, ग्रंथ स्वस्तच झाला. पुण्यातील ग्राहकासाठी मात्र रुपयाच्या घसरणीमुळे तोच संच सुमारे साडेतीन हजार रुपयांनी महागला. छंद एकच असला तरी त्याचा भार दोन ठिकाणी सारखा नाही. परदेशी छंदसाहित्याच्या किमतीची चर्चा करताना ही बाब सहज नजरेआड होते.

दुसरा प्रश्न हा खर्च कोण करतो याचा आहे. नियमांप्रमाणे चालकाला तिन्ही ग्रंथ लागतात, खेळाडूला एकच. साहसकथा, नकाशे, प्रतिमा हेही चालकच घेतो. डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांपुढे बोलताना विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या तत्कालीन प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी सांगितले होते, की खेळणाऱ्यांत चालकांचे प्रमाण सुमारे २० टक्के असले तरी पैसे खर्च करणाऱ्यांत त्यांचाच वाटा सर्वांत मोठा आहे. या खेळाच्या नावातून मिळू शकणारे उत्पन्न अद्याप पुरेसे मिळवले गेलेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्यापारी दृष्टीने ही संधी आहे. सामाजिक दृष्टीने पाहिल्यास, जो सर्वांसाठी सर्वाधिक श्रम करतो त्याच्यावरच खर्चाचाही सर्वाधिक भार पडतो, असा तिचा अर्थ होतो.

पाच जणांच्या गटाने नव्या आवृत्तीकडे जायचे ठरवले आणि प्रत्येकाने खेळाडूचा ग्रंथ व चालकाने आणखी दोन ग्रंथ घेतले, तर सात ग्रंथांचे सुमारे २९,४०० रुपये होतात. एकच संच वर्गणीतून घेतला तर माणशी सुमारे २,५०० रुपये पडतात. जुनाच संच ठेवला तर काहीच खर्च नाही. तिन्ही पर्यायांत खेळ होतो, आणि चालकाच्या अंगी कसब असेल तर तिन्हींत तो सारखाच रंगतो. पुण्यात गणेशोत्सव आणि व्याख्यानमाला ज्या वर्गणीवर उभ्या राहिल्या, ती पद्धत या छंदाला लागू करण्यात कोणतीही अडचण नाही. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिराचा इतिहासही हेच सांगतो, की महाग ग्रंथ प्रत्येकाच्या मालकीचा नसला तरी प्रत्येकाच्या वाचनात येऊ शकतो.

नियमांचे प्रमाणत्व : पुण्याचा पूर्वानुभव

नवी आवृत्ती घेण्यामागे प्रमाण नियमांची गरज असते, हे मान्य केले पाहिजे. अनोळखी माणसे एकत्र खेळायची तर सर्वांचे नियम एक असावे लागतात. प्रश्न आहे तो हे एकत्व कोणी आणि कसे निर्माण करावे याचा.

या बाबतीत पुणे शहराला स्वतःचा इतिहास आहे. बॅडमिंटनला काही काळ 'पूना' याच नावाने ओळखले जाई. पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८७० च्या दशकात त्याचे प्रारंभीचे नियम ठरवले. खो-खोसारखा खेळ गावोगावी वेगवेगळ्या पद्धतीने खेळला जात असताना, १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. पुढे १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने खो-खो आणि आट्यापाट्या यांची नियमावली प्रसिद्ध केली. त्यानंतरही या नियमांत बदल होत गेले, म्हणजेच नव्या आवृत्त्या निघत राहिल्या.

येथे प्रमाणत्व निर्माण झाले, सुधारणाही झाल्या. परंतु नियम हे कोणा एका विक्रेत्याचे उत्पादन ठरले नाही. नियम बदलला म्हणून शाळेच्या मैदानावरील मुलांना खेळण्यासाठी नव्याने पैसे मोजावे लागले नाहीत. पंच आणि शिक्षक यांच्याकडे नियमांची पुस्तिका असे, आणि त्यांच्या तोंडून नियम मैदानावर उतरत. नियमावलीची किंमत आणि खेळण्याची किंमत या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या. भूमिकाखेळात त्या एकत्र आल्या, आणि आवृत्तीबदल हा खर्चाचा प्रसंग बनला. अर्थात खो-खोची नियमावली काही पानांची असते आणि भूमिकाखेळाचा ग्रंथ शेकडो पानांचा सचित्र असतो, हा फरक आहेच. म्हणून तुलना तत्त्वापुरतीच मर्यादित ठेवणे योग्य.

अभ्यासक्रम आणि आवृत्ती

अध्यापकवर्गाला आवृत्तीबदलाचे आर्थिक परिणाम सांगण्याची गरज नाही. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला, की अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत कालपर्यंत निम्म्या किमतीला विकले जाणारे पाठ्यपुस्तक रद्दीच्या भावाला येते. तेथे सक्ती परीक्षेची असते; जुन्या पुस्तकावरून अभ्यास करणाऱ्याचे गुण जाण्याची भीती खरी असते. भूमिकाखेळात परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही. गटातील पाच जणांनी संमती दिली तर १९८९ ची आवृत्ती आजही तितकीच ग्राह्य आहे. तरीही मागे पडण्याची तीच भीती येथे काम करते. या भीतीचे मूळ गटाबाहेरच्या खेळाडूंशी संबंध तुटण्याच्या शंकेत आहे, आणि ही शंका सर्वस्वी निराधार नाही. मात्र जो गट वर्षानुवर्षे आपापसांतच खेळतो, त्याच्यापुरती ती निराधार ठरते.

संगणकीय आवृत्तीत मात्र सक्तीचे स्वरूप बदलते. हॅसब्रोने २०२२ मध्ये 'डी अँड डी बियाँड' हे संगणकीय व्यासपीठ १४ कोटी ६३ लाख डॉलरना विकत घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये या व्यासपीठावरील पात्रपत्रिकांतील जुने मंत्र व वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलल्या जातील असे जाहीर झाले आणि खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर तो निर्णय मागे घेण्यात आला. कपाटातील ग्रंथ कोणी परस्पर बदलू शकत नाही. संगणकीय ग्रंथ बदलू शकतो. छापील प्रतीवरील खर्च हा निदान मालकीचा खर्च असतो, ती उसनी देता येते, विकता येते, वाचनालयाला भेट देता येते. संगणकीय प्रतीवरील खर्चाने केवळ वापराची मुभा मिळते. स्वस्त म्हणून संगणकीय प्रत निवडणाऱ्या विद्यार्थ्याने हा भेद जाणून घेतला पाहिजे.

परवाना आणि मराठीची शक्यता

कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर असतो, हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. खेळाची पद्धती आणि नियमग्रंथाची भाषा यांतील भेद याच तत्त्वाने समजून घेता येतो. मात्र ग्रंथाचे भाषांतर करण्याचा हक्क १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्कधारकाकडेच राहतो.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२३ मधील घटना महत्त्वाची ठरते. इतरांना या नियमांवर आधारित साहित्य प्रसिद्ध करू देणारा २००० सालापासूनचा परवाना बदलण्याचा कंपनीचा मसुदा बाहेर फुटला आणि जगभरच्या खेळाडूंनी त्याला विरोध केला. अखेर २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांची संहिता क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली केली. एप्रिल २०२५ मध्ये सुधारित नियमांची संहिताही तशीच खुली झाली. या संहितांत चित्रे नाहीत, काही प्रसिद्ध राक्षस नाहीत, पात्रांचे पर्यायही मर्यादित आहेत. परंतु खेळण्यासाठी लागणारे नियम आहेत. मूळ स्रोताचा निर्देश करून त्यांची नक्कल करता येते, त्यांत बदल करता येतो आणि त्यांचे भाषांतरही करता येते.

याचा अर्थ असा, की मराठीत भूमिकाखेळाची नियमावली तयार करण्यासाठी आज कोणाच्या परवानगीची वा शुल्काची आवश्यकता नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला या छंदात दुहेरी किंमत मोजावी लागते : ग्रंथाची किंमत रुपयांत, आणि नियमांच्या इंग्रजीची किंमत संकोचात. उत्स्फूर्त बोलण्यावर उभा असलेला खेळ परक्या भाषेत खेळताना हा विद्यार्थी गप्प बसतो, आणि खेळाचा गाभाच त्याच्यापुरता नाहीसा होतो. दुसरीकडे मराठीला अद्भुतरम्य कथेची परंपरा आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या १८६१ मधील 'मुक्तामाला'पासून नाथमाधवांच्या 'वीरधवल'पर्यंत किल्ले, भुयारे, वेषांतर आणि संकटे यांचे भांडार तिच्यात आहे. नव्या आवृत्तीवर खर्च होणाऱ्या पैशाचा आणि श्रमाचा अल्पसा भाग या दिशेने वळला, तर त्याचे फळ अधिक टिकाऊ ठरेल.

प्रतिवादाचा विचार

आवृत्तीवरील खर्चाच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. पहिला लेखक-चित्रकारांच्या उपजीविकेचा आहे. ग्रंथ विकला गेला नाही तर नवे साहित्य लिहिले जाणार नाही, हे खरे आहे. परंतु उपजीविकेचा आधार नव्या साहसकथा आणि नवी कल्पनाविश्वे हा असू शकतो. तेच नियम पुन्हा विकणे हा त्याचा एकमेव मार्ग नव्हे. दुसरा मुद्दा संग्रहाच्या आनंदाचा आहे. सुबक छपाईचा नवा ग्रंथ हाती घेण्यात आनंद आहे आणि तो कोणाच्याही टीकेचा विषय होऊ नये. आक्षेप आहे तो संग्रहाच्या आनंदाला खेळाची गरज असे नाव देण्याला. ज्याला परवडते त्याने संग्रह करावा. ज्याला परवडत नाही त्याला नव्या ग्रंथाशिवाय खेळता येणार नाही असे वाटू लागले, तर छंदाची दारे बंद होतात.

दिवाळीतील किल्ला या संदर्भात आठवावा असा आहे. पुण्यातील वाड्यांत आणि सोसायट्यांत मुले दरवर्षी माती, दगड आणि पोती जमवून नवा किल्ला रचतात. त्यावर ठेवलेले मावळे मात्र बहुधा गेल्या वर्षीचेच, जपून ठेवलेले असतात; एखाद-दुसरे चित्र कुंभारवाड्यातून नवे येते. रचना नवी आणि साहित्य जुने, असा हा व्यवहार आहे. अलीकडे तयार किल्ले विकत मिळू लागले, तेव्हा खर्च वाढला आणि मुलांचे काम कमी झाले. विकत घेतलेल्या नावीन्याने हातांच्या नावीन्याची जागा घेतली, की छंद टिकतो पण त्यातील निर्मिती आटते. भूमिकाखेळाच्या बाबतीतही धोका हाच आहे.

निष्कर्ष

१. भूमिकाखेळाचा गाभा गटाच्या संवादात असल्याने जुनी आवृत्ती खेळाच्या दृष्टीने निरुपयोगी होत नाही. २००० आणि २०१४ च्या आवृत्त्यांनी खेळाची खरी सोय केली. प्रत्येक आवृत्तीबाबत तसे म्हणता येत नाही.

२. डॉलरमधील किंमत स्थिर असतानाही रुपयातील भार वाढत गेला आहे, आणि गटात तो सर्वाधिक चालकावर पडतो. वर्गणीतून घेतलेला सामाईक संच हा त्यावरील सोपा व न्याय्य उपाय आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी असा एक छापील संच ठेवल्यास अनेक विद्यार्थ्यांचा खर्च वाचेल.

३. खो-खोच्या नियमबद्धतेचा इतिहास दाखवतो, की नियमांचे प्रमाणत्व आणि नियमांची विक्री या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात.

४. २०२३ पासून खुल्या झालेल्या संहितेमुळे मराठी नियमावलीचा मार्ग कायदेशीरदृष्ट्या मोकळा आहे. भाषा, इतिहास, विधी आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे. ते झाल्यास पुण्यातील मराठी विद्यार्थी या खेळाचा केवळ ग्राहक न राहता त्याचा कर्ताही होऊ शकेल.